पुस्तकातले पाप आणि आपले घर

रोह्यात आमच्या ओळखीचे एक कुटुंब आहे. वडील नोकरीनिमित्त आखातात, घरात आई, आजी आणि दोन मुले. थोरली मुलगी पेणला कॉलेजात जाते. जाता-येता गाडीत तिला वाचायची सवय. एक दिवस आईने तिच्या बॅगेतली मराठी कादंबरी सहज उघडली. मधलीच चार पाने वाचली आणि तिच्या अंगावर काटा आला. सासरा सुनेला छळतो, नवरा मुकाट्याने पाहत राहतो आणि शिव्या जशाच्या तशा छापलेल्या. आईने पुस्तक कपाटात ठेवून कुलूप घातले.

आम्ही गेलो तेव्हा तिने ते पुस्तक आमच्यापुढे ठेवले. म्हणाली, "भाईसाहेब, तुम्ही वाचणारे, म्हणून विचारते. असलं पुस्तक पोरीच्या हाती द्यावं का? पूर्वीच्या पुस्तकांत चांगली माणसं असायची. आता सगळी हैवानच का?"

हा प्रश्न एका घराचा नाही. आजचे साहित्य माणसातली फक्त घाण दाखवते, त्यामुळे मुले बिघडतात, अशी तक्रार अनेक घरांतून ऐकू येते. तिच्यात तथ्य किती, हे नीट पाहायला हवे.

तक्रार जुनी आहे

पूर्वीचे सगळे चांगले होते, हे काही खरे नाही. १९६२ साली 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या कोर्टाने निर्दोष ठरवले, हायकोर्टाने दोषी ठरवून प्रत्येकी पंचवीस रुपये दंड केला आणि शेवटी १९६९ साली सुप्रीम कोर्टाने सोडून दिले. स्त्री-पुरुष संबंधांचा उल्लेख आला एवढ्यावरून लिखाण अश्लील होत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ होता. पुढे १९७२ साली विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' नाटकावरून असेच वादळ उठले आणि तेही कोर्टात गेले.

उर्दूत सआदत हसन मंटो यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. मुंबईत बरीच वर्षे काढलेल्या या लेखकावर सहा वेळा खटले झाले, तीन फाळणीपूर्वी आणि तीन पाकिस्तानात. त्यांची 'खोल दो' ही कथा आठवा. फाळणीच्या धुमाळीत एक म्हातारा बाप हरवलेल्या मुलीला शोधतो आहे. तिला शोधून आणायला जे तरुण निघाले, तेच तिचे शत्रू ठरले, आणि ते परके नव्हते, आपलेच होते. ही कथा वाचून कोणाला पाप करावेसे वाटेल? उलट, पाप नेहमी पलीकडच्या मोहल्ल्यात असते, ही आपली समजूत ती मोडून काढते. बहुधा म्हणूनच ती अनेकांना सहन झाली नाही.

कुरआनने वाईट लपवले नाही

आपल्याकडे तर याहून मोठा दाखला आहे. पवित्र कुरआनात हजरत आदम (अ.) यांच्या दोन मुलांची हकीकत आहे. माणसाच्या इतिहासातला पहिला खून भावानेच भावाचा केला. खुनी इतका हतबल की प्रेताचे काय करावे हेही त्याला कळेना. कावळ्याने जमीन उकरून दाखवली तेव्हा त्याला उमगले आणि पश्चात्तापाने तो पोळला.

हजरत यूसुफ (अ.) यांची कथा पाहा. कुरआनने तिला सर्वोत्तम कथा म्हटले आहे. या सर्वोत्तम कथेत काय नाही? भावांचा मत्सर आहे, लहान भावाला विहिरीत टाकणे आहे, सदऱ्याला खोटे रक्त लावून बापाला फसवणे आहे, माणसाची विक्री आहे. धन्याच्या बायकोने दारे बंद करून घातलेला मोह आहे, खोटा आळ आहे, निरपराधाला तुरुंग आहे. पण हे सांगितले कसे आहे? बंद दारांआडचा प्रसंग येतो, यूसुफ (अ.) दाराकडे धावतात, सदरा मागून फाटतो आणि कथा पुढे सरकते. जेवढे कळणे गरजेचे, तेवढेच सांगितले. वाचणाऱ्याला तिथे रेंगाळून चव घ्यायला जागाच ठेवली नाही. शेवटी भाऊ गुन्हा कबूल करतात आणि यूसुफ (अ.) त्यांना माफ करतात.

यातून आम्हाला एक कसोटी मिळते. पुस्तकात पाप आहे की नाही, हे विचारून भागणार नाही. ते पुस्तक कोणाच्या बाजूला उभे आहे, हे विचारावे. मिटल्यावर जुलूम सोसणाऱ्याचे दुःख मनात राहते, की जुलूम करणाऱ्याचा रुबाब? या कसोटीला आजचे पुष्कळ लिखाण उतरत नाही, हेही मान्य करू. रक्तपात आणि बाईची विटंबना चवीने रंगवायची, गुंडाला नायक करायचे आणि त्याला 'वास्तव' म्हणायचे, हा धंदा जोरात आहे. तो आता पुस्तकांपेक्षा मोबाइलवरच्या मालिकांत अधिक चालतो. त्याला घरात जागा नसावी, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

पांढऱ्या कपड्यातले पाप

पण सगळा नैतिक ऱ्हास पुस्तकांतून येतो काय? आपल्याच पेणचे पाहा. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि एका लाखाहून अधिक ठेवीदारांचा पैसा अडकला. खोट्या कर्जखात्यांतून पैसा बाहेर गेल्याचे तपासात पुढे आले. कोणाचे लग्नासाठी ठेवलेले, कोणाचे म्हातारपणासाठी. हा ऱ्हास कादंबरी वाचून झाला नाही, तो हिशेबाच्या वह्यांत झाला. माप मारणाऱ्यांना कुरआनने एका सूरहच्या सुरुवातीलाच ताकीद दिली आहे, पण आपण शिवी छापलेली दिसली की दचकतो आणि खोटा आकडा छापलेला असला तर पान उलटतो. अशा पापावर कोणी खरी कादंबरी लिहिली, तर ती आपण मुलांना मुद्दाम वाचायला द्यायला हवी.

आधी वाचा

याच पेण तालुक्यातल्या गागोदे गावात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. ब्राह्मण घरातल्या या माणसाने मोठेपणी अरबी शिकून कुरआनचा अभ्यास केला आणि निवडक आयतींची विषयवार मांडणी करून 'कुराण सार' सिद्ध केले. ऐकीव माहितीवर त्यांचे समाधान झाले नाही. आपल्या धर्मग्रंथाबद्दल कोणी न वाचता बोलले की आपल्याला वाईट वाटते, ते योग्यच आहे. मग मुलीच्या हातातल्या पुस्तकावर चार पाने वाचून निकाल द्यायचा, हा कुठला न्याय?

आम्ही त्या आईला एवढेच म्हणालो, "भाभी, कुलूप राहू द्या. पण आधी पुस्तक पहिल्या पानापासून तुम्ही वाचा." तिने आठ दिवस घेतले. नंतर भेटली तेव्हा आवाज बदललेला होता. "ती सून शेवटी पळून माहेरी येते," ती म्हणाली, "आणि तिची आई लोक काय म्हणतील म्हणून दार उघडत नाही. भाईसाहेब, सासरा हैवान होता. पण त्या आईवर मला जास्त राग आला. आणि मग आठवलं, पुस्तक काढून घेतल्यापासून माझी पोर माझ्याशी धड बोललेली नाही. रात्री पांघरुणात मोबाइल घेऊन पडते. तिथं ती काय बघते, ते मला कुठं ठाऊक आहे?"

त्या रात्री तिने पुस्तक मुलीला परत दिले आणि सांगितले, "वाचून झालं की आपण दोघी बोलू. आणि एक लक्षात ठेव, या घराचं दार तुला कधी बंद नसेल."

मोठ्यांनी सोबत वाचले आणि वाचून झाल्यावर बोलणे झाले, तर वाईटाची गोष्टही मुलांना चांगुलपणाकडे नेऊ शकते. आमच्या मते कपाटाच्या कुलपापेक्षा ही राखण भक्कम आहे. अल्लाह आपल्या घरांना चांगले-वाईट पारखण्याची समज देवो. आमीन.