हरताळ आणि हार्ड डिस्क

जुनी हस्तलिखित पोथी चाळताना मध्येच एखाद्या ओळीवर पिवळा लेप दिसतो. लेखनिकाचा हात चुकला, की चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा लेप द्यायचा आणि तो वाळला की वर दुरुस्ती लिहायची, अशी रीत होती. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे पिवळे खनिज. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार याच रीतीची आठवण जपून आहे. हरताळ फासल्याने अक्षर नाहीसे होत नाही, ते झाकले जाते. धूळपाटीचे तसे नव्हते. तिच्यावरून हात फिरवला की मागे काहीच उरत नसे. संगणकावरचे ‘डिलीट’ या दोहोंपैकी कशासारखे आहे? बहुतेकांची समजूत धूळपाटीची असते. प्रत्यक्षात ते हरताळाइतकेही नाही, कारण हरताळ निदान अक्षरावर तरी फासला जायचा.

संगणकाची डिस्क हा एक अवाढव्य ग्रंथ मानला, तर त्याच्या आरंभी एक अनुक्रमणिका असते: कोणती फाइल कोणत्या पानावर आहे, याची. आपण फाइल पुसतो तेव्हा संगणक फक्त या अनुक्रमणिकेला हात लावतो. जुन्या ‘फॅट’ पद्धतीत तर नोंदीतील नावाचे पहिले अक्षर बदलून तेथे ठरावीक खूण केली जाई, आणि ती पाने मोकळी असल्याचे नोंदवले जाई. पानांवरचा मजकूर जसाच्या तसा राही. नवा मजकूर त्याच पानांवर येईपर्यंत, म्हणजे कधी महिनोन्‌महिने, तो तेथेच असतो. रिसायकल बिन रिकामे केल्यानेही एवढेच घडते. ‘क्विक फॉरमॅट’ म्हणजे जुनी अनुक्रमणिका काढून कोरी लावणे, ग्रंथ तोच. असा मजकूर शोधून काढणारी साधने मोफत मिळतात आणि ती वापरायला विशेष विद्या लागत नाही.

याचे परिणाम सर्वप्रथम ठळकपणे मांडले ते एमआयटीतील सिमसन गारफिंकल आणि अभि शेलाट यांनी. 2000 ते 2002 या काळात त्यांनी जुन्या बाजारातून 158 हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकी 129 चालू निघाल्या आणि त्यांतल्या अवघ्या 12 नीट पुसलेल्या होत्या. उरलेल्यांत वैद्यकीय माहिती, खासगी पत्रव्यवहार आणि पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक सापडले. एक डिस्क तर इलिनॉय राज्यातील एका एटीएम यंत्रातली होती. 2003 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानंतर लोक शहाणे झाले म्हणावे, तर मॉर्गन स्टॅन्ली या बड्या वित्तसंस्थेने आपली जुनी यंत्रे मोडीत काढण्याचे काम सामान हलवणाऱ्या एका कंपनीला दिले. त्या कंपनीला माहिती नष्ट करण्याचा अनुभव नव्हता. ग्राहकांची माहिती असलेल्या काही डिस्क इंटरनेटवरील लिलावात विकल्या गेल्या. सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या माहितीच्या रक्षणात झालेल्या हयगयीबद्दल 2022 साली अमेरिकी नियामकाने या संस्थेला साडेतीन कोटी डॉलर्सचा दंड केला.

आमच्या गावच्या वाचनालयाने पाच जुने संगणक एका शाळेला द्यायचे ठरवले, तेव्हा ते तपासण्याचे काम माझ्याकडे आले. पाचही ‘साफ केलेले’ आहेत, असे मला सांगण्यात आले होते. पुनर्प्राप्तीचे एक साधे सॉफ्टवेअर पहिल्या यंत्रावर चालवले आणि तासाभरात सभासदांचे पत्ते, दूरध्वनी क्रमांक, आधार कार्डांच्या छायाप्रती एकामागून एक वर येऊ लागल्या. शिवाय एका वृद्ध सभासदाने वाचनालयात बसून परदेशातील मुलाला लिहिलेली पत्रे होती. पहिल्या दोन ओळींवरच मी खिडकी बंद केली. बँकेचा क्रमांक बदलता येतो. असे पत्र दुसऱ्याच्या हाती पडले की ते परत घेता येत नाही.

मग खरे पुसायचे कसे? चुंबकीय हार्ड डिस्कबाबत उत्तर सरळ आहे: प्रत्येक पानावर नवे काही लिहायचे, मग ती नुसती शून्ये असली तरी चालतील. ऑकलंडचे पीटर गुटमन यांनी 1996 च्या निबंधात 35 वेळा पुनर्लेखनाची पद्धत सांगितली होती. त्या काळच्या निरनिराळ्या डिस्कतंत्रांसाठीचे उपाय तिच्यात एकत्र केले होते. पण लोकांनी ती मंत्रासारखी उचलली आणि कोणत्याही डिस्कवर 35 आवर्तने सुरू केली. पुढे गुटमन यांनाच सांगावे लागले की, हा तांत्रिक उपाय लोकांनी जादूटोण्यासारखा केला आहे. आजच्या हार्ड डिस्कला साधारणपणे एक संपूर्ण पुनर्लेखन पुरते.

एसएसडीचे मात्र वेगळे आहे. तिच्यातील स्मृतिपेशी ठरावीक वेळा लिहिल्यावर झिजतात. झीज सर्वत्र सारखी व्हावी म्हणून तिचा नियंत्रक नवे लेखन दरवेळी दुसऱ्याच जागी नेतो. आपल्याला वाटते आपण जुन्या पानावर लिहिले. वास्तवात जुने पान बाजूला तसेच राहिलेले असू शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी 2011 साली दाखवले की, एसएसडीवरील एकच फाइल पुसण्याची तेव्हाची कोणतीही पद्धत भरवशाची नव्हती. काही डिस्कमधील अंगभूत पुसण्याची आज्ञादेखील सदोष होती.

यावरचा उपाय मला विचार म्हणूनही सुंदर वाटतो. मजकूर पुसण्याऐवजी तो आरंभापासूनच कूटलिपीत ठेवायचा. मग पुसायची असते फक्त किल्ली. ती नष्ट झाली की उरलेला मजकूर निरर्थक चिन्हांचा ढीग. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेची मार्गदर्शिकाही हा मार्ग मान्य करते. मात्र कूटीकरण पहिल्या दिवशी सुरू केलेले बरे. शेवटच्या दिवशी केल्यास एसएसडीत आधीची उघडी पाने उरण्याची शक्यता राहते.

घरचा संगणक देण्यापूर्वीचा क्रम मी असा सांगतो. हवे ते सर्व दुसरीकडे उतरवा आणि दुसऱ्या यंत्रावर उघडून खात्री करा. ब्राउझर, ईमेल, व्हॉट्सॲप यांतून बाहेर पडा. विंडोज असेल तर ‘बिटलॉकर’ किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू असल्याचे पाहा. मग ‘रिसेट’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून त्यातील ‘क्लीन डेटा’चा पर्यायही सुरू करा. तो नेहमी आपोआप सुरू असतो असे समजू नका. अलीकडच्या मॅकवर ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ किल्लीच नष्ट करते. यंत्र सुरूच होत नसेल, तर डिस्क काढून घ्या आणि बाकीचे यंत्र द्या. बंद पडलेल्या यंत्रातील डिस्क बहुधा जिवंत असते, आणि भंगारवाल्याकडे हीच यंत्रे जास्त जातात. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात संस्थांकडून आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क नमूद आहे. पण घरगुती कारणासाठी आपणच साठवलेल्या माहितीला तो कायदा लागू नाही. ती जबाबदारी आपलीच.

तंत्र येथे संपते. खरा प्रश्न पुढे आहे. टेरी प्रॅचेट या इंग्लिश कादंबरीकाराची इच्छा होती की, आपल्या अपुऱ्या लेखनाची डिस्क वाफेच्या रोडरोलरखाली चिरडावी. त्याच्या मृत्यूनंतर, ऑगस्ट 2017 मध्ये डॉर्सेटच्या जत्रेत तसे करण्यात आले. रोलर अनेकदा फिरूनही डिस्क पुरती मोडेना; शेवटी ती दगड फोडणाऱ्या यंत्रात घालावी लागली. याउलट सलमान रश्दी यांचे जुने ॲपल संगणक त्यांच्या कागदपत्रांसह अटलांटाच्या एमरी विद्यापीठात आहेत. 2010 पासून अभ्यासकांना त्यांतील एका संगणकाचे प्रतिरूप उघडून लेखकाच्या टेबलाशी बसल्यासारखे काम करता येते. मात्र काय उघडे ठेवायचे आणि काय बंद, यावर निर्बंध आहेत.

दोघांचे निर्णय परस्परविरुद्ध, पण दोघांनीही ते स्वतः घेतले. आपल्याकडे बहुतेकदा हा निर्णय कोणीच घेत नाही. लेखक जातो, घरचे लोक संगणक एक्स्चेंजमध्ये देतात, आणि दोन्ही हानी एकदम होतात: जपायला हवा होता तो कादंबरीचा खर्डा घरच्यांच्या हातून जातो, आणि जायला हवी होती ती मित्रांची खासगी पत्रे कोणा अनोळखी माणसापाशी राहतात. ती पत्रे लिहिणाऱ्यांना तर कोणी विचारलेलेही नसते. म्हणून लिहित्या माणसाने मृत्युपत्रात एक ओळ संगणकासाठी ठेवावी: यातले काय कोणाला द्यायचे आणि उरलेले कोणी पुसायचे. पासवर्डचा कागद कुठे आहे, हेही त्याच ओळीपुढे लिहावे.