लडाखच्या घोड्याचा हिवाळा
लडाखमध्ये झंस्कारी घोड्याच्या हिवाळ्याची तयारी उन्हाळ्यातच सुरू होते. लसूणघास कापून वाळवावयाचा व घराच्या धाब्यावर रचून ठेवावयाचा. पारा शून्याखाली २० अंश उतरला, की दाण्यापेक्षा ही वैरणच अधिक उपयोगी; कारण चारा मोठ्या आतड्यात आंबत असता शरीरास सतत ऊब मिळते. दिवस लहान होऊ लागताच अंगावरील केस आपोआप दाट होतात. ते कातरू नयेत. भिजले मात्र, की सारी ऊब गेली!

खरा धोका पाण्याचा. बर्फगार पाणी जनावर पोटभर पीत नाही. मग कोरडी वैरण आतड्यात अडकते आणि पोटशूळ जिवावर बेततो. चुलीवरचे कोमट पाणी तळमजल्यावरील तबेल्यात दिवसातून दोनदा तरी पोचले पाहिजे.