मापातला श्वास

एक किलो वजनाच्या बाळाच्या अंगात रक्त असतं ८० ते ९० मिलिलिटर. कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढं. तपासणीसाठी त्यातलं दोन मिली काढणं म्हणजे मोठ्या माणसाच्या अंगातून शंभरेक मिली काढण्यासारखं. म्हणून नवजात अतिदक्षता विभागात, म्हणजे एनआयसीयूत, काढलेल्या रक्ताचा थेंबाथेंबाचा हिशेब असतो. लघवी किती झाली हे लंगोट तराजूवर ठेवून ठरवतात. कोरड्या लंगोटापेक्षा एक ग्रॅम जास्त भरला की एक मिली. दूध नाकातोंडातल्या नळीतून दर दोन तासांनी जातं, तेही सुरुवातीला एक-दोन मिली.

बाळाच्या पावलाला लाल दिव्याची पट्टी गुंडाळलेली असते. रक्तातला ऑक्सिजन तिच्यावरून कळतो. फार लवकर जन्मलेलं बाळ श्वास घेता घेता मधेच थांबतं. मेंदूचं ते केंद्रच अजून पुरतं तयार नसतं. यंत्र बोंबलतं, सिस्टर धावतात आणि बहुतेक वेळा तळपायावर एक टिचकी मारतात. बाळ पुन्हा श्वास घेऊ लागतं. ही सवय मोडावी म्हणून औषध दिलं जातं ते कॅफिन, कॉफीतलंच.

नातेवाईक फोनवर सांगतात, ‘बाळाला काचेत ठेवलंय.’ त्या काचेचं मुख्य काम ऊब देणं. जन्मल्या जन्मल्या तर त्याहून साधा उपाय असतो: ३२ आठवड्यांच्या आतल्या बाळाला न पुसताच गळ्यापर्यंत स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात आणि वॉर्मरखाली ठेवतात. पाहणाऱ्याला धक्का बसतो खरा, पण अंगातली उष्णता टिकते.

या शास्त्राला मापाची किंमत कळली ती मात्र फार महागात. १९४०च्या दशकात श्रीमंत देशांतल्या चांगल्या रुग्णालयांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सढळ हाताने ऑक्सिजन द्यायला सुरुवात केली. बाळं गुलाबी दिसत, डॉक्टर खूश असत. आणि काही महिन्यांनी कळे की मूल आंधळं झालं आहे. १९५१मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडे बोट दाखवलं, पुढे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तोवर जगभरात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेल्याचा अंदाज आहे. १९५०मध्ये जन्मलेला गायक स्टीव्ही वंडर त्यांतलाच एक. मग लंबक उलटा फिरला. ऑक्सिजन देताना हात इतका आखडता घेतला गेला की डोळे वाचले, पण श्वासाअभावी बाळं दगावू लागली. आज पट्टीवरचा आकडा साधारण ९० ते ९५ टक्क्यांच्या मध्ये ठेवतात. एवढ्या अरुंद वाटेवरून बाळाला न्यायचं असतं, आठवडेच्या आठवडे.

धोका अजून संपलेला नाही. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाचे डोळे महिन्याच्या आत नेत्रतज्ज्ञाने तपासायला हवेत, असा आपल्याकडे संकेत आहे. दोष वेळेत सापडला तर लेझरने किंवा इंजेक्शनने दृष्टी वाचते. घरी नेलेलं बाळ छान दूध पितं, वजन धरतं, आणि तपासणीची तारीख नेमकी याच आनंदात विसरली जाते.

फुफ्फुसांची गोष्ट वेगळी. ऑगस्ट १९६३मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोच्या वर, तरी दोन दिवसांत गेला. फुफ्फुसांतले फुगे मिटू न देणारा सरफॅक्टंट नावाचा पदार्थ अशा बाळांत कमी असतो, हे डॉ. मेरी एलन एव्हरी यांनी १९५९मध्येच दाखवलं होतं. पण तो बाहेरून द्यायचा कसा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १९८०मध्ये जपानच्या डॉ. फुजिवारा यांनी दहा बाळांच्या श्वासनलिकेत तो सोडून दाखवला. आज गुरांच्या किंवा डुकरांच्या फुफ्फुसांतून काढलेलं हे औषध काही मिलिलिटर दिलं, की तासाभरात व्हेंटिलेटरचा जोर कमी करता येतो.

दुधाच्या बाबतीत मुंबईने वाट दाखवली. शीव रुग्णालयात १९८९मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली. पावडरच्या दुधाने अशा बाळांची आतडी सडण्याचा धोका वाढतो. ज्या आईला जास्त दूध येतं तिच्याकडून ते घ्यायचं, ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवायचं, थंड करून गोठवायचं, आणि ज्या बाळाला आईचं मिळत नाही त्याला मोजून द्यायचं. आपल्याकडे यंत्रांचं कौतुक फार. या पेढीचं नाव मात्र मुंबईकरांनाही क्वचितच ठाऊक असतं.

आईलाच बाहेर ठेवण्याची शिस्तही आता डळमळीत झाली आहे. भारतासह पाच देशांतल्या, २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लहान बाळं जन्मल्यापासूनच आईच्या उघड्या छातीवर ठेवली गेली, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू पाव हिश्शाने घटले. त्यासाठी आईची खाट एनआयसीयूतच हवी. म्हणजे जागा हवी, आणि आपल्याकडे अडतं ते तिथेच.

जागेचा आणि देखभालीचा प्रश्न जीवघेणा असतो हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं दगावली. ऑक्सिजन आणि चोवीस तास तापणारी विजेची उपकरणं एकाच खोलीत असतात. तिथली वायरिंग तपासणं हा उपचाराचाच भाग मानायला हवा.

सगळ्यांत स्वस्त उपाय तर बाळ जन्मण्याआधीचा. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउवी यांनी १९७२मध्ये दाखवलं की आईला स्टेरॉइड दिलं तर पोटातल्या बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात. आपल्याकडे डेक्सामेथासोनची चार इंजेक्शनं बारा-बारा तासांनी देतात, किंमत अगदी किरकोळ. त्यामुळे ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर प्रसूती जवळच्या दवाखान्यात उरकून मग बाळाला घेऊन धावण्यापेक्षा, वेळ असेल तर १०८ची रुग्णवाहिका बोलावून बाईलाच एनआयसीयू असलेल्या रुग्णालयात हलवावं. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं आणि ने-आण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११पासून मोफत आहेत.