डेकच्या कडेचं दार

विमानवाहू नौकांचा इतिहास आपण लढायांतून वाचतो. डिसेंबर १९७१ मध्ये ‘विक्रांत’वरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर केलेले हल्ले सर्वांना ठाऊक आहेत. पण ही विमानं पोटातल्या हँगरमधून वर डेकवर येत कशी? या नौकांच्या रचनेचं मर्म त्या वाटेत आहे.

दुसऱ्या महायुद्धात या रचनेच्या दोन परंपरा होत्या. अमेरिकेच्या ‘एसेक्स’ वर्गात जहाजाचा भार पेलणारा मुख्य डेक होता हँगरचा. उड्डाणाचा डेक म्हणजे त्यावर घातलेला मांडव. त्यामुळे हँगरच्या बाजूंना शटरची मोठी दारं ठेवता आली. इंजिनं आतच तापवता येत आणि धूर बाहेर जाई. विमानं वर नेणारी एक लिफ्ट डाव्या कडेबाहेर बसवली. ‘वास्प’वर १९४० मध्ये तसा प्रयोग झालाच होता. मात्र जून १९४५ च्या वादळात याच वर्गातल्या ‘हॉर्नेट’ आणि ‘बेनिंग्टन’च्या उड्डाणाच्या डेकची पुढची कड लाटांनी मोडली.

ब्रिटिशांनी हँगर बंदिस्त ठेवला. लाटांवर जहाज वाकताना येणारा ताण त्यांच्याकडे उड्डाणाचा डेक आणि बाजूच्या भिंती सोसत. तिथे भिंत कापणं म्हणजे सांगाड्याचं बळ कापणं.

‘विक्रांत’ याच परंपरेतली. १९४३ मध्ये ‘हर्क्युलिस’ नावाने बांधणी सुरू झाली, १९५७ मध्ये भारताने ती अर्धवट अवस्थेत विकत घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला ती नौदलात आली. तिच्या दोन्ही लिफ्ट डेकच्या आतल्या भागात होत्या. लिफ्ट खाली गेली की डेकला भलंमोठं भोक पडे. १९५९ च्या ‘हर्मिस’ला, म्हणजे १९८७ पासूनच्या आपल्या ‘विराट’ला, मात्र एक लिफ्ट डाव्या कडेला होती. ब्रिटिश बांधणीत हे धाडस होतं. २०२२ मध्ये कोचीला नौदलात आलेल्या नव्या ‘विक्रांत’च्या दोन्ही लिफ्ट उजव्या कडेला आहेत.

हा प्रवास लोखंडातच पाहण्याची संधी आपण गमावली. जुनी ‘विक्रांत’ २००१ ते २०१२ मुंबईत संग्रहालय होती. मॅजेस्टिक वर्गातली ती शेवटची नौका २०१४ मध्ये दारूखान्यात तोडायला घेतली. ‘विराट’साठी २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गातल्या निवतीजवळचा संग्रहालय प्रकल्प मंजूर केला, तरी ती २०२० मध्ये अलंगला तोडायला गेली. अमेरिकेने ‘इंट्रेपिड’ न्यूयॉर्कला आणि ‘मिडवे’ सॅन डिएगोला जपली. तिथे कडेची लिफ्ट आजही पाहता येते.

नौका परत येणार नाहीत. त्यांची रचना समजावून देणं आपल्या हातात आहे. नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात जुन्या ‘विक्रांत’ आणि ‘विराट’च्या उभ्या छेदाच्या प्रतिकृती शेजारी शेजारी ठेवाव्यात, लिफ्ट हलत्या असाव्यात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूरच्या विदर्भातल्या मुलांना जहाजबांधणीचं शास्त्र कळायला एवढं पुरेल. विज्ञान केंद्राने आणि नौदलाने मिळून हे काम हाती घ्यावं.