मुलाला हवं ते कॉलेज मिळेल का? अंदाज असा बांधा

बारावीचं वर्ष सुरू झालं की घरातल्या सगळ्या गप्पा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात. चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळेल ना? शेजारच्या काकूंपासून पुण्याच्या आत्यापर्यंत सगळे हेच विचारतात. तुम्ही जबलपूरमध्ये राहत असाल आणि तुमचं मूल जेईई देणार असेल, तर या प्रश्नाचं उत्तर नशिबावर सोडू नका. बरंचसं उत्तर कागद-पेन घेऊन काढता येतं.

पर्सेंटाइल नाही, रँक बघा

‘९८ पर्सेंटाइल’ ऐकलं की घरात पेढे येतात. पण २०२५ मध्ये जेईई मेन देणारी मुलं सुमारे १४ लाख ७५ हजार होती. त्यातले २ टक्के पुढे, म्हणजे रँक साधारण २९-३० हजार. प्रवेश या रँकवर ठरतो. ओबीसी, एससी, एसटी आणि ईडब्ल्यूएससाठी वेगळी रँक असते, तीही पाहा.

आयआयटीचं गणित आणखी कडक आहे. २०२५ मध्ये १ लाख ८० हजारांवर मुलांनी जेईई अ‍ॅडव्हान्स्ड दिली आणि जागा होत्या १८,१६०. दहा जणांमागे एक जागा! उरलेली नऊ मुलं हुशार नव्हती असं नाही, त्यांच्यासाठी जागाच नव्हती.

शहर आपलं, पण कोटा नाही

डुमना रस्त्यावरची ट्रिपल आयटीडीएम २००५ पासून आपल्या शहरात आहे. ‘आपण इथलेच, थोडी सवलत मिळेल’ असं अनेक पालकांना वाटतं. तसं नाही. तिथल्या जागा अखिल भारतीय आहेत. जबलपूरच्या मुलाची स्पर्धा थेट देशभरातल्या मुलांशी असते.

याउलट भोपाळच्या मॅनिटमध्ये निम्म्या जागा मध्य प्रदेशच्या मुलांसाठी असतात. मराठी घरांत इथेच गल्लत होते. आजोळ नागपूरचं, मातृभाषा मराठी, म्हणून व्हीएनआयटीत ‘आपला’ कोटा लागेल असं गृहीत धरलं जातं. पण एनआयटीसाठी गृहराज्य म्हणजे जिथून बारावी पास केली ते राज्य. जबलपूरमधून बारावी केलेल्या मुलाला भोपाळमध्ये राज्याचा कोटा मिळेल, नागपुरात इतर राज्यांच्या जागांतून प्रयत्न करावा लागेल.

१९४७ मध्ये सुरू झालेलं जबलपूर इंजिनीअरिंग कॉलेजही विसरू नका. तिथले प्रवेश राज्याच्या काउन्सेलिंगमधून, जेईई मेनच्या रँकवर होतात. मूळ निवासी प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा.

तीन रकान्यांची यादी

जोसाच्या वेबसाइटवर दरवर्षीची क्लोजिंग रँक असते, म्हणजे त्या शाखेत शेवटचा प्रवेश कितव्या रँकला झाला तो आकडा. मागच्या तीन वर्षांचे, शेवटच्या फेरीचे आकडे उतरवून घ्या. मग मुलाच्या रँकशी ताडून तीन रकाने करा:

- कठीण : तिन्ही वर्षी रँक थोडक्यात मागे पडली असती.
- शक्य : एखाद्या वर्षी मिळालं असतं, एखाद्या वर्षी नाही.
- भरवशाचं : तिन्ही वर्षी सहज मिळालं असतं.

मुलगी असेल तर मुलींसाठीच्या राखीव जागांची क्लोजिंग रँक वेगळी पाहा. आयआयटी आणि एनआयटीत २०१८ पासून अशा वाढीव जागा आहेत.

पर्याय भरताना घाबरू नका

‘अवघड कॉलेज वर टाकलं तर सोपंही हातचं जाईल’ ही भीती निराधार आहे. वरचा पर्याय मिळाला नाही, तरी खालच्या पर्यायावरचा हक्क कमी होत नाही. म्हणून क्रम मुलाच्या आवडीनुसारच लावा आणि भरवशाचे पर्याय शेवटी भरपूर ठेवा. मात्र जिथे जायचंच नाही ते कॉलेज यादीत नको. मिळालेली जागा मुदतीत फी भरून स्वीकारली नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद होतं. जागा स्वीकारून ‘फ्लोट’ निवडलं, तर वरच्या पर्यायाची वाट पाहता येते.

बोर्डाची परीक्षाही महत्त्वाची

जेईईच्या नादात बारावीकडे दुर्लक्ष नको. आयआयटी, एनआयटी आणि ट्रिपल आयटीसाठी बारावीत ७५ टक्के (एससी, एसटीसाठी ६५) किंवा आपल्या बोर्डातल्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं आवश्यक असतं. ‘एक वर्ष ड्रॉप घेऊ’ म्हणण्याआधी लक्षात घ्या, अ‍ॅडव्हान्स्ड सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते.

ही यादी निकालाच्या दिवशी नाही, आत्ताच मुलासोबत बसून करा. भरवशाच्या रकान्यातली दोन-तीन कॉलेजं त्याच्यासोबत प्रत्यक्ष पाहून या. तिथली प्रयोगशाळा, हॉस्टेल, शिकणारी मुलं पाहिली की ‘हे नाही मिळालं तर सगळं संपलं’ ही भीती कमी होते. आणि निम्मी भीती गेलेलं मूल परीक्षेत जास्त शांतपणे पेपर सोडवतं.