विंचवाचं बिऱ्हाड न्यूझीलंडच्या वाटेवर

निव्वळ हौसेच्या भटकंतीसाठी बांधून घेतलेलं चाकांवरचं पहिलं घर एका निवृत्त माणसाचं होतं, असं मानलं जातं. ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेले डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५मध्ये ब्रिस्टलच्या एका कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची लांबलचक घोडागाडी करवून घेतली आणि तीतच मुक्काम करत ते इंग्लंड-स्कॉटलंड हिंडले. त्याआधी अशा गाड्यांतून राहायचे ते पोटासाठी फिरणारे जिप्सी आणि जत्रेतले खेळवाले. पुढे घोडे गेले, इंजिन आलं, गाडीत फ्रीज आणि न्हाणीघर आलं. मंडळी मात्र बरीचशी स्टेबल्ससारखी निवृत्तच राहिली. न्यूझीलंडमध्ये मोटारहोमवाल्यांची एक संघटना १९५६पासून चालू आहे. तिथल्या कुठल्याही तळावर संध्याकाळी चक्कर मारली, की खुर्च्या टाकून बसलेल्यांत पांढरे केस जास्त दिसतात.

आम्ही दोघंही नोकरीतून मोकळे झालेलो. सहलींचा अनुभव होता, पण तो सहा-सात-आठचा: सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बस. साठीनंतर गुडघे आणि पोट या वेळापत्रकाला दाद देत नाहीत. एखादी जागा आवडली तर तिथे रेंगाळावं, पाठ दुखली तर दुपारी आडवं व्हावं, आणि रात्री गरम वरणभात मिळावा, एवढीच आमची मागणी होती. म्हणून न्यूझीलंडचं दक्षिण बेट आणि भाड्याची मोटारहोम असा बेत ठरला. हा लेख प्रवासवर्णनापेक्षा, आमच्या वयाच्या जोडप्यांना जायचं झालं तर काय ठाऊक असावं, यासाठी आहे.

हाच देश का?

पहिलं कारण स्टिअरिंग. तिथेही गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालते, त्यामुळे हाताची सवय मोडावी लागत नाही. पाट्या इंग्रजीत. दक्षिण बेट आकारानं महाराष्ट्राच्या साधारण निम्मं आणि लोकसंख्या जेमतेम बारा लाखांच्या आसपास, म्हणजे शहर सोडलं की रस्ता मोकळा. आपला परवाना इंग्रजीत असेल तर तोच चालतो. तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट काढून न्यावं, गाडी ताब्यात घेताना प्रश्न उरत नाहीत. भाड्यानं मिळणाऱ्या बहुतेक मोटारहोम साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येतात.

ऋतू आपल्या उलटे. आपली दिवाळी तिथल्या वसंतात येते. डिसेंबर-जानेवारी हा त्यांच्या शाळांच्या सुट्टीचा काळ, तेव्हा भाडं चढं आणि तळ भरलेले. फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते एप्रिलचा मध्य हा निवृत्तांसाठी सर्वांत सोयीचा. हवा स्थिर, गर्दी ओसरलेली, आणि मार्चमध्येही संध्याकाळी आठपर्यंत उजेड.

गाडी घेताना पलंग बघा

जाहिरातीत बाहेरचा डोंगर दिसतो. तुम्ही आतला पलंग बघा. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग शिडीनं चढायचा असतो. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या माणसानं त्या वाटेला जाऊ नये. काही गाड्यांत जेवायचं टेबल खाली पाडून, त्यावर गाद्या जुळवून रोज पलंग करावा लागतो. हे काम पहिल्या रात्री गमतीचं वाटतं, चौथ्या रात्री भांडणाचं कारण होतं. कायम पसरलेला पलंग मिळत असेल तर थोडं जास्त भाडं द्यावं. आमची गाडी सुमारे सात मीटर लांब आणि तीन मीटरहून उंच होती. ही उंची कागदावर लिहून समोरच्या काचेपाशी चिकटवली, कारण पेट्रोलपंपाचं छत आणि रस्त्यावर झुकलेली फांदी मोटारीच्या सवयीत लक्षात येत नाही.

विम्याचा कागद मात्र बसून वाचावा. अपघात झाल्यास पहिले काही हजार डॉलर आपल्या खिशातून, अशी अट सहसा असते. रोज जादा रक्कम भरून ती कमी करता येते. छताचं आणि गाडीच्या पोटाखालचं नुकसान बऱ्याचदा विम्यात धरत नाहीत. क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स खोऱ्यासारख्या काही रस्त्यांवर गाडी नेली तर विमाच लागू होत नाही. डिझेलच्या गाड्यांना तिथे किलोमीटरवर सरकारी रस्ताकर आहे, तो गाडी परत करताना मोजून घेतात. वयाची वरची मर्यादा कंपनीगणिक बदलते, तेव्हा आरक्षणाआधीच विचारून घ्यावं.

पाणी, वीज आणि ती पेटी

मोटारहोमचा खरा अभ्यासक्रम इथे आहे. टाकीत साधारण ८० ते १०० लिटर स्वच्छ पाणी मावतं. दोन माणसांची आंघोळ, भांडी, स्वयंपाक त्यातच. एका दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात संसार केलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही! अंग भिजवून नळ बंद, साबण लावून पुन्हा नळ, आणि भांडी आधी कागदानं पुसून मग धुवायची.

वीज दोन प्रकारची. दिवे, पाण्याचा पंप आणि फ्रीज गाडीतल्या बॅटरीवर चालतात. मायक्रोवेव्ह, किटली आणि भिंतीतले प्लग चालायचे तर गाडी तळावरच्या विजेच्या खांबाला जोडावी लागते. व्होल्टेज आपल्यासारखंच २३०, फक्त प्लगच्या पट्ट्या तिरक्या, म्हणून अ‍ॅडॅप्टर न्यावा. शेगडी गॅसची. छोटा कुकर नेला होता, त्यानं निम्मं काम सोपं केलं. फोडणी मात्र झाकणाखाली करायची, कारण छताला धुराचा गजर बसवलेला असतो आणि मोहरी तडतडल्यावर हिंग-मिरची पडली की तो आख्ख्या तळाला जागं करतो. हॉलिडे पार्कात सगळ्यांसाठी मिळून मोठं स्वयंपाकघर असतं, खमंग कामं तिथे करावीत.

आता पेटी. शौचालयाखाली एक बंद पेटी बसवलेली असते. दोघांना ती दोन-तीन दिवस पुरते. मग गाडीच्या बाहेरच्या बाजूचं झाकण उघडून ती ओढून काढायची, चाकांवर ढकलत ‘डंप स्टेशन’पर्यंत न्यायची, तोंड फिरवून ओतायची, तिथल्याच नळानं विसळायची आणि औषधी द्रव टाकून परत बसवायची. हातमोजे लागतात, वेळ पाच मिनिटं. तो नळ पिण्याच्या पाण्याचा नसतो. पिण्याचा वेगळा, बराच दूर, ठळक पाटी लावलेला. भांड्यांचं आणि आंघोळीचं सांडपाणी वेगळ्या टाकीत साठतं, ते पाइप जोडून तिथेच सोडायचं. आमच्या घरी हे काम ह्यांनी पत्करलं आणि बदल्यात भांडी माझ्याकडे आली. निघण्यापूर्वी ही वाटणी तोंडी तरी करून घ्यावी.

या शिस्तीमागे कायदा आहे. फुकट मुक्कामाची मुभा २०११च्या कायद्यानं आखून दिली. २०२३ला तो कडक झाला. ज्या ठिकाणी स्वयंपूर्ण गाड्यांनाच परवानगी आहे, तिथे गाडीत पक्कं बसवलेलं शौचालय आणि तसं प्रमाणपत्र लागतं. नियम मोडल्यास ४०० डॉलरपासून पुढे दंड. न्यूझीलंडचा डॉलर सुमारे पन्नास रुपयांचा, हिशेब तुम्हीच करा.

एकेरी पूल

मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर, गावात बहुतेक ठिकाणी ५०. मोटारहोमनं शंभर गाठायचा प्रयत्न करू नये. मागे गाड्या साचल्या की डावीकडच्या जादा पट्टीत सरकून त्यांना वाट द्यायची, एवढा शिष्टाचार पाळला की कोणी हॉर्न वाजवत नाही. खरी परीक्षा एकेरी पुलांची. पश्चिम किनाऱ्यावर नद्या भरपूर आणि पूल एकाच गाडीच्या रुंदीचे. निळ्या चौकोनात आपल्या दिशेचा मोठा पांढरा बाण असेल तर आधी आपण. लाल कडेच्या गोलात आपला बाण छोटा आणि लाल असेल तर थांबायचं, समोरच्याला येऊ द्यायचं. समोरून येणारा जाताना हात करतो, आपणही करायचा.

एका तळावर इन्व्हरकार्गिलचं एक निवृत्त शेतकरी जोडपं शेजारी होतं. त्यांचा नियम साधा: दिवसाला दोनशे किलोमीटरच्या वर जायचं नाही आणि चारच्या आत चाकं थांबवायची. फोनवरचा नकाशा जो वेळ सांगतो तो लहान मोटारीचा असतो, त्यात चतुर्थांश तरी मिळवावा. हा नियम आम्ही उचलला आणि सहलीचा सूर त्यानंच लागला.

तेकापोचं आकाश, मिलफर्डचा पाऊस

क्राइस्टचर्चहून निघालं की पहिला मोठा मुक्काम तेकापो तलावाचा. हिमनदी खडक दळून जी पिठूळ भुकटी करते, ती पाण्यात तरंगत राहते आणि तलावाला निळा-दुधी रंग देते. काठावर १९३५मध्ये बांधलेलं दगडी चर्च आहे. वेदीमागच्या खिडकीतून तलाव आणि डोंगर दिसतात. पण मुक्काम करायचा तो रात्रीसाठी. आओराकी मॅकेन्झी हा ४,३०० चौरस किलोमीटरहून मोठा प्रदेश २०१२मध्ये आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय’ राखीव क्षेत्र झाला. रस्त्यावरचे दिवे मंद आणि खाली वळवलेले. पुण्याहून अगस्त्य दक्षिण क्षितिजाच्या फार वर चढत नाही; तिथे मार्चच्या सुरुवातीला रात्री दहाच्या सुमारास तो जवळजवळ डोक्यावर होता. मृग नक्षत्र उलटं, व्याधाची जागा वर, आणि आग्नेयेला त्रिशंकू. पंचांगातली नावं माहीत असलेल्या माणसाला हे आकाश पुन्हा वाचायला लागतं.

तेकापोहून पुकाकी तलावाकडे जाताना आयरिशमन क्रीक नावाचं मेंढपाळीचं मोठं शेत लागतं. उथळ, दगडगोट्यांच्या नद्यांतून पंख्याशिवाय धावणारी जेटबोट बिल हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात इथे घडवली. तशाच जेटबोटी घेऊन एडमंड हिलरी १९७७मध्ये गंगासागरहून गंगेच्या उलट प्रवाहात निघाले आणि नंदप्रयागजवळच्या धबधब्यानं त्यांना अडवलं. आयरिशमन क्रीकच्या पुढे माउंट कुकचं गाव. आओराकी हे त्या शिखराचं माओरी नाव, उंची ३,७२४ मीटर. १९४८मध्ये या शिखराची दक्षिण धार पहिल्यांदा चढणाऱ्या तुकडीत हिलरी होते. एव्हरेस्ट त्यानंतर पाच वर्षांनी. हेच हिलरी १९८५ ते १९८९ न्यूझीलंडचे दिल्लीतले उच्चायुक्त होते.

मिलफर्ड साउंड या खाडीवर वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे आपल्या आंबोलीच्या पंगतीतला. पाऊस असेल तर जाणं टाळू नये, कारण कड्यांवरून शेकडो धबधबे तेव्हाच सुटतात. मात्र ‘ते आनाउ’ या गावापासून सुमारे १२० किलोमीटरचा रस्ता वळणांचा, वाटेतला होमर बोगदा १.२ किलोमीटरचा आणि आत तीव्र उताराचा. १९३५ला सुरू झालेलं त्याचं काम १९५४ला संपलं. आमचा सल्ला असा, की मोटारहोम ते आनाउला ठेवावी आणि या एका दिवशी बसनं जावं. दोघांनाही खिडकी मिळते.

पश्चिम किनाऱ्यावर फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स या हिमनद्या आहेत. पूर्वी दरीतून चालत बर्फावर चढता येई. आता त्या इतक्या मागे सरकल्या आहेत, की बर्फावर उतरायचं तर हेलिकॉप्टरच. लांबून बघायला पायवाटा आहेत. परतताना आर्थर्स पासच्या घाटात केआ भेटतो. डोंगरातला हा हिरवा पोपट चोचीनं गाडीचं रबर सोलून काढतो. आमच्या शेजारच्या गाडीच्या वायपरची पट्टी आम्ही बघत असतानाच त्यानं लांबवली. त्याला खायला घालू नये, आणि चहा गाडीत बसूनच प्यावा.

खर्च, औषधं, विमानतळ

विजेच्या जोडणीसह जागा हॉलिडे पार्कात दोघांना साधारण ५० ते ८० डॉलरला मिळते. वनखात्याचे तळ त्याहून बरेच स्वस्त, काही फुकट, पण तिथे वीज नाही. दोन रात्री वनखात्याकडे, तिसरी हॉलिडे पार्कात धुणं, चार्जिंग आणि भरपूर गरम पाण्याची आंघोळ, हा क्रम सोयीचा. हॉटेलचं जेवण महाग, म्हणून स्वयंपाकघराचे पैसे वसूल होतात. व्हिसाबरोबर पर्यटकांकडून १०० डॉलरचा वेगळा अधिभार घेतात.

विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करायची. लपवलेली सापडली तर जागेवर ४०० डॉलर दंड. जाहीर केलेल्यावर दंड नाही, फार तर ती काढून घेतात. तूप, मध, बिया, ताजी फळं नेऊच नयेत. बुटांच्या तळाला माती असेल तर तेही सांगायचं. मसाले, डाळी क्राइस्टचर्चच्या भारतीय दुकानांत मिळतात.

तिथे अपघाती दुखापत झाली तर पर्यटकाच्याही उपचाराचा खर्च सरकारी योजना उचलते. आजारपणाचा नाही. तेव्हा रक्तदाब, साखर, हृदय यांची नोंद करूनच प्रवास विमा घ्यावा. नेहमीची औषधं तीन महिन्यांपुरती नेता येतात, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. तातडीचा क्रमांक १११. हास्ट घाट आणि मिलफर्डच्या रस्त्यावर फोन लांबच लांब पट्ट्यांत लागत नाही, म्हणून मुलांना आदल्या दिवशीच कळवून ठेवावं.

जावं का?

ज्यांना सामान उचलायला माणूस आणि जेवण ताटात आयतं हवं, त्यांनी जाऊ नये. टूर त्यांच्यासाठीच असते आणि त्यात वावगं काही नाही. ज्यांना घर चालवण्याचा कंटाळा आलेला नाही, त्यांनी जरूर जावं. पाणी पुरवून वापरणं, उरलेल्या भाताचं सकाळी काहीतरी करणं, निघताना गॅस बंद केला का ते दोनदा बघणं, हे चाळीस वर्षं केलेल्या जोडप्याला मोटारहोम जड जात नाही. तरुणांना जी कौशल्यं शिकावी लागतात, ती आपल्याकडे आधीच असतात.

आधी इथे चाचणी घ्या. महाराष्ट्र शासनानं २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, काही ठिकाणी अशा गाड्या भाड्यानं मिळतात. तेही नको असेल तर स्वतःची मोटार घेऊन कोकणात आठवडाभर फिरा, रोज दोनशे किलोमीटरच्या आत, आणि आळीपाळीनं गाडी चालवा. परतल्यावरही एकमेकांशी बोलत असाल तर आरटीओत जाऊन आंतरराष्ट्रीय परमिट काढा. ते एक वर्ष चालतं. तेवढ्यात निघा.