सोवळ्याच्या चुलीपासून ‘ख्रिस्तायना’पर्यंत

मराठी कुटुंब महाराष्ट्राबाहेर जाऊन स्थायिक झाले म्हणजे त्याच्या ट्रंकेतून काही ठराविक पुस्तकेही प्रवास करतात. ज्ञानेश्वरी असते, दासबोध असतो, एखादी हस्तलिखित आरत्यांची वही असते आणि पुष्कळ घरांत लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ असतात. आमच्याही घरी ती होती. दुपारची झाकपाक झाली की आजी ते पुस्तक मोठ्याने वाचीत असे आणि शेजारपाजारच्या बायका हसून हसून पुरेवाट झाल्यावर पदराने डोळे पुशीत. टिळकांना बाजारात पाठवावे काय नि त्यांनी घेऊन यावे काय! स्वतःच्या फजितीवर इतक्या मोकळेपणाने हसणारी बाई मराठीत दुसरी झाली नाही, असे आजीचे मत होते आणि ते मलाही मान्य आहे.

परंतु आजी काही पाने गाळून पुढे जात असे. ती पाने मी थोरपणी वाचली. त्यांत प्रार्थना होती, उपासना होती, ख्रिस्ताविषयी लक्ष्मीबाईंना वाटणारा जिव्हाळा होता. आजीला त्यांचा तिटकारा नव्हता. तिला केवळ अवघडल्यासारखे होई. आपणांपैकी बहुतेकांनी हे पुस्तक आजीप्रमाणेच वाचले आहे. विनोद घेतला, संसार घेतला. श्रद्धा मात्र पानाच्या कडेला राहू दिली. वास्तविक ज्या बाईने एवढे सोसले तिला हसण्याइतके बळ कोठून मिळाले, याचे उत्तर त्या गाळलेल्या पानांतच आहे.

कथेचा आरंभ आगगाडीत होतो, आणि तोही महाराष्ट्राबाहेर जाणाऱ्या गाडीत. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाले होते. (हे राजनांदगाव आज छत्तीसगड राज्यात आहे.) टिळक मूळचे कोकणातले, चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे व्यासंगी, शीघ्रकवी. स्वभाव मात्र वाऱ्यासारखा. एका गावी, एका नोकरीत फार दिवस मन लागणे त्यांच्या कुंडलीतच नव्हते. जुन्या आचारावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. आपल्याच बुद्धीने नवा धर्म घडवावा, असेही त्यांच्या मनात घोळत होते. थोडक्यात म्हणजे माणूस भुकेला होता.

डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटला. साहेबाने नेटिवाशी ज्या तोऱ्यात वागावे असा त्या काळचा रिवाज, त्या तोऱ्यात तो वागला नाही. संस्कृत काव्यावर बोलणे झाले, मग धर्मावर. उतरताना त्याने टिळकांना ‘नवा करार’ भेट दिला, वाचण्याची विनंती केली, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही करून ठेवले. टिळकांनी ते हसण्यावारी नेले असेल. परंतु शब्द दिला होता म्हणून पुस्तक उघडले, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन ते थांबले. शत्रूवर प्रीती करा, आपला उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू देऊ नका, ही शिकवण वाचून पंडितांच्या साऱ्या शंकाकुशंका एका बाजूस राहिल्या. तो गृहस्थ कोण होता हे टिळकांना पुढेही कधी कळले नाही. एवढी मोठी उलथापालथ करून माणूस निनावीच गाडीतून उतरून गेला, हे मला नेहमी फार अर्थपूर्ण वाटत आले आहे.

पुढे टिळकांनी मुंबईच्या अमेरिकन मिशनमधील डॉ. जस्टिन ॲबट यांच्याशी पत्रव्यवहार केला. पुढील आयुष्यात आपल्या संतकवींना इंग्रजीत नेण्यासाठी झटले ते हेच ॲबट. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. भाकिताची दोन वर्षे जेमतेम भरत होती.

येथपर्यंत चरित्रकार उत्साहाने लिहितात. मला मात्र त्याच वेळी लक्ष्मीबाई दिसू लागतात. पतीने धर्म सोडला ही बातमी सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या त्या बाईवर वीज कोसळावी तशी कोसळली. पदरी तीन-चार वर्षांचा दत्तू. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी नसल्यात जमा. कुंकू पुसायचे नाही आणि संसारही करायचा नाही. बहिणीच्या आधाराने त्यांनी नाशिक-पंढरपूरकडे दिवस काढले. टिळकांच्या थोरवीविषयी मला शंका नाही. पण ज्या प्रीतीने ते भारावले त्या प्रीतीची पहिली झळ घरच्या माणसाला अशी बसावी, हे माझ्या मनाला अजूनही पटत नाही. सत्य सापडल्यावर माणसाने थांबावे किती, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही. लक्ष्मीबाईंनीही ते कोठे दिलेले नाही. त्यांनी आकांत लिहिला, आरोपपत्र लिहिले नाही.

त्या कोणत्या घरातून आल्या होत्या हे येथे सांगितले पाहिजे. त्यांच्या आजोबांना सत्तावन्नच्या धामधुमीनंतर फाशी झाली, आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड जडले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घ्यायचा नाही, अमक्याचा स्पर्श नको, तमक्याची सावली नको. अशा घरात वाढलेली मुलगी चार-साडेचार वर्षांच्या ताटातुटीनंतर ख्रिस्ती झालेल्या पतीकडे नगरला (आजच्या अहिल्यानगरला) राहावयास गेली. गेली ती पतीसाठी, त्याच्या धर्मासाठी नव्हे. सोवळे तिच्याबरोबर गेलेच. चूल वेगळी, पाणी वेगळे, भांडी वेगळी. एका छपराखाली दोन धर्म नांदू लागले. ज्यांच्या घरी सासूचे सोवळे आणि सुनेची नोकरी यांचा मेळ घालण्यात वर्षे गेली, त्या वाचकभगिनींना ही कसरत निराळी समजावून सांगावयास नको.

टिळकांनी बळजबरी केली नाही, आणि एका अर्थी त्यांच्या साऱ्या वक्तृत्वापेक्षा हेच अधिक फळाला आले. कारण लक्ष्मीबाई पुस्तक वाचून किंवा व्याख्यान ऐकून बदलल्या नाहीत. त्या बदलल्या स्वतःशी वाद घालून. जाती देवाने निर्माण केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला. देवाने केल्या असत्या तर पशूंमध्ये घोडा निराळा आणि बैल निराळा ओळखू येतो तसा माणसांतही काही भेद दिसला असता. जन्म सारखा, मरण सारखे, रक्तमांस सारखे. मग विटाळ कोणाचा कोणाला? एवढा विचार झाला, आणि आपण यापुढे कोणाच्याही हातचे खाऊ असे त्यांनी सांगून टाकले. वडिलांच्या घरात पिढ्या खपल्या असत्या तरी जे झाले नसते ते असे स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर झाले. ख्रिस्तावरची श्रद्धा त्यानंतर आली. १९०० साली लक्ष्मीबाईंनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा टिळकांच्या बाप्तिस्म्याला पाच वर्षे होऊन गेली होती.

मला ही पाच वर्षे फार महत्त्वाची वाटतात. टिळकांना एका प्रवासात जे गवसले ते लक्ष्मीबाईंनी पायी चालत जाऊन गाठले. एकाच घरात श्रद्धेच्या या दोन चाली होत्या, आणि पहिली श्रेष्ठ, दुसरी कनिष्ठ असे म्हणण्यास काही आधार नाही. उलट, संशय घेऊन, तावून सुलाखून घेतलेली ती दुसरी श्रद्धा पुढे अधिक कसाला लागली. छप्पन्नच्या दुष्काळात आणि त्यानंतर टिळकांच्या घरी अनाथ मुले येत गेली. कोण कोणत्या जातीचे हे विचारावयाचे नाही आणि उद्या जेवण कोठून येणार हेही विचारावयाचे नाही, असा टिळकांचा खाक्या. विचारावे लागे ते लक्ष्मीबाईंना, कारण पीठ त्यांना मळावयाचे असे. प्लेगच्या दिवसांत नगरच्या छावणीत रोग्यांची शुश्रूषा करण्यास त्या उभ्या राहिल्या. स्पर्शाला भिणाऱ्या घरातली लेक ज्या रोग्यांना त्यांचे आप्तही शिवत नव्हते त्यांना शिवत होती. त्यांच्या धर्मश्रद्धेवर मोठमोठे निबंध लिहिता येतील, पण या एका चित्रापुढे ते फिके पडतील.

इकडे टिळकांची भूक पहिल्या घासाने भागली होती असेही नाही. नव्या धर्मात आल्यावर त्यांना दिसले की, येथील मंडळी प्रार्थना करते ती परक्या चालीवर, पुष्कळदा भाषांतरित शब्दांनी. मराठी माणसाला भक्ती म्हटली की टाळ आठवतो, वीणा आठवते, ओवी आठवते. ती बाजूला सारून नुसते तत्त्व हातात दिले तर माणूस धर्म पाळील, पण त्यावर पोसला जाणार नाही. आपण ख्रिस्तापाशी आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे टिळक मानीत. म्हणून त्यांनी ख्रिस्तासाठी अभंग रचले, त्याला माउली म्हटले, कीर्तनाचा थाट उपासनेत आणला. आजही मराठी ख्रिस्ती मंडळी ‘उपासना संगीत’ उघडते तेव्हा त्यातील मोठा भाग टिळकांच्या पदांचा असतो. धर्म बदलला म्हणून मायबोलीचा संस्कार गळून पडत नाही, हे महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठी सांभाळणाऱ्या आपणांस जितके उमजेल तितके इतरांस क्वचितच उमजेल.

१९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदया’चे मराठी अंग सांभाळले. हे नियतकालिक १८४२ पासून चालत आलेले. त्याला टिळकांच्या लेखणीने निराळेच तेज आले. तरीही मन स्वस्थ नव्हते. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास पत्करला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून तेथे एका पंगतीस बसावेत, ही त्यांची आकांक्षा होती. मिशनच्या चौकटीत ती मावणारी नव्हती, आणि समाजालाही ती मानवली असती असे वाटत नाही. पण काळानेच सवड दिली नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकांचे देहावसान झाले. दरबाराला पुरती दोन वर्षेही लाभली नाहीत.

पतीच्या शब्दाखातर नव्हे, तर स्वतःच्या विचाराने धर्म स्वीकारला असे लक्ष्मीबाईंनी जन्मभर सांगितले. त्याची खरी परीक्षा आता होती. टिळक गेले, घर चालविणारा, भांडणारा, हसविणारा, संतापविणारा माणूस गेला. श्रद्धा जर उसनी असती तर ती याच वेळी संपती. तसे झाले नाही. लक्ष्मीबाई नेमाने प्रार्थना करीत राहिल्या, मुलाबाळांचे, नातवंडांचे, आल्यागेल्याचे करीत राहिल्या. देवदत्तांनी वडिलांचे चरित्र लिहावयाचे ठरवून आईला आठवणी लिहून काढावयास सांगितले, आणि जुजबी अक्षरओळखीवर वाढलेल्या बाईने कागदावर जे उतरविले ते ‘स्मृतिचित्रे’ होऊन बसले. १९३४ पासून त्याचे भाग पुस्तकरूपाने निघू लागले. शेवटचा भाग पुरा करण्याचे काम देवदत्तांवर आले, कारण २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंनी इहलोकीची यात्रा संपविली.

एवढ्यावर थांबले तर त्यांच्या दुसऱ्या कामाचा उल्लेख राहून जाईल, आणि तसा तो नेहमीच राहून जातो. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ नावाचे महाकाव्य आरंभिले होते. रामायण जसे घरोघर वाचले जाते तशी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत वाचली जावी, हा त्यांचा हेतू. दहा-अकरा अध्याय झाले आणि कवी गेला. पंडितांनी अर्धवट सोडलेले काव्य कोणी दुसऱ्या पंडिताने पुरे करावे अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. ते हाती घेतले लक्ष्मीबाईंनी. संस्कृताचा आधार नाही, छंदशास्त्राचे शिक्षण नाही. कानात बसलेली जात्यावरची आणि पोथीतली ओवी, आणि तीस वर्षे मनात मुरलेली ख्रिस्ताची कथा, एवढ्या भांडवलावर त्यांनी साठांहून अधिक अध्याय लिहिले. टिळकांच्या ओवीचा भारदस्तपणा त्यांत नाही असे जाणकार म्हणतात. नसेल. पण सोवळ्याच्या चुलीपाशी ‘जात कोणी केली’ म्हणून विचारणाऱ्या बाईचा सरळपणा त्यांत आहे.

ग्रंथ छापून झालेला त्यांना पाहावयास मिळाला नाही. तो १९३८ साली प्रसिद्ध झाला. आजीच्या ट्रंकेत तो नव्हता. मला तो पुष्कळ वर्षांनी एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाला, आणि आता तो आमच्या कपाटात ‘स्मृतिचित्रां’च्या शेजारी आहे.